ब्राव्हो विषप्रयोग प्रकरण

चार्ल्स ब्राव्हो या तरुण बॅरिस्टरचा एप्रिल १८७६ मध्ये दक्षिण लंडनमधील बॅलम येथे विषाने झालेला मृत्यू आणि त्यावरून इंग्लंडभर गाजलेली चौकशी. हा खूनच, असे ज्युरीने स्पष्ट सांगितले. मात्र खुनी कोण हे ठरले नाही आणि कोणावर कधी खटलाही उभा राहिला नाही.

प्रकरणाच्या केंद्रस्थानी चार्ल्सपेक्षा त्याची पत्नी फ्लॉरेन्स अधिक आहे. सधन कॅम्पबेल घराण्यातली ही मुलगी १८६४ मध्ये अलेक्झांडर रिकार्डो या लष्करी अधिकाऱ्याला दिली गेली. नवरा दारूच्या आहारी गेला, दोघे वेगळे झाले आणि १८७१ मध्ये तो कोलोन शहरात वारला. त्यानंतर सुमारे ४०,००० पौंडांची मालमत्ता पंचविशीतल्या फ्लॉरेन्सच्या हाती आली. दरम्यान तिचे डॉ. जेम्स मॅन्बी गली यांच्याशी प्रेमसंबंध जुळले होते. मॉल्व्हर्नला जलोपचार करणारे हे प्रख्यात डॉक्टर. चार्ल्स डार्विन, टेनिसन हे त्यांचे रुग्ण. वय साठीच्या पुढे आणि वेगळी राहणारी पत्नी हयात. १८७३ मध्ये दोघे जर्मनीत किसिंगेनला जाऊन आले. त्यानंतर फ्लॉरेन्सला दिवस गेले व गर्भपात झाला. प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांची दारे तिला बंद झाली.

हरवलेली इभ्रत परत मिळवण्याचा एकच रस्ता होता : लग्न. फ्लॉरेन्सची सोबतीण जेन कॉक्स ही तीन मुलांची विधवा आई. चार्ल्सचे सावत्र वडील जोसेफ ब्राव्हो यांचे जमैकाशी व्यापारी संबंध होते आणि त्यांनी कॉक्सबाईंना अडचणीत मदत केली होती. या ओळखीतूनच चार्ल्स व फ्लॉरेन्स भेटले. डिसेंबर १८७५ मध्ये विवाह झाला. गलींची हकिकत तिने आधीच सांगितली होती. चार्ल्सचीही एक रखेल व मूल होते. घोडे अडले ते पैशांवर. पत्नीच्या मालमत्तेवर पतीचा अधिकार मानणारा कायदा अजून पुरता बदललेला नव्हता, तरी लग्नाआधी करार करून ती राखता येई. फ्लॉरेन्सने तसे करायचे ठरवताच, ज्या घरातल्या खुर्चीवरही आपली मालकी नाही तिथे नांदणार नाही, असे चार्ल्सने ऐकवले. शेवटी रोकड तिच्याकडे राहिली. ‘द प्रायरी’ हा बंगला आणि त्यातले सामान त्याच्याकडे गेले. मग खर्चाला कात्री लागू लागली. कॉक्सबाईंचा पगार व त्यांच्यावरचा खर्चही त्याच्या डोळ्यांत खुपत होता.

मंगळवार, १८ एप्रिल १८७६. लग्नानंतर नुकताच दुसऱ्यांदा गर्भपात झालेल्या फ्लॉरेन्सच्या खोलीत कॉक्सबाई झोपत. चार्ल्स शेजारच्या खोलीत. रात्रीच्या जेवणात मासे आणि कोकराचे मांस होते. चार्ल्सने बर्गंडी घेतली, दोघींनी शेरी. शेरीच्या जवळजवळ दोन बाटल्या संपल्या. साडेनवाच्या सुमारास चार्ल्स खोलीत गेला आणि थोड्याच वेळात दारात येऊन ओरडला, “फ्लॉरेन्स! गरम पाणी!” दासी मेरी ॲन कीबर हिला ते ऐकू आले, बंद दारामागे जाग्या असलेल्या कॉक्सबाईंना मात्र तिने सांगितल्यावरच कळले. खिडकीशी ओकून तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारले. हिरड्यांना दातदुखीसाठी लॉडनम (अफूचा अर्क) लावले, त्यापलीकडे काही घेतले नाही, हेच त्याचे उत्तर. राणीचे वैद्य सर विल्यम गल यांनी मरण जवळ आल्याचे सांगूनही ते बदलले नाही. २१ एप्रिलला तो वारला.

खिडकीबाहेरच्या छपरावर पडलेली ओकारी पावसाने धुतली जाऊनही शिल्लक होती. प्रा. थिओफिलस रेडवुड यांना तीत अँटिमनी हे विषारी मूलद्रव्य सापडले. टार्टर एमेटिक हा अँटिमनीचा क्षार पाण्यात सहज विरघळतो आणि त्याला फारशी चव नसते. घोड्यांच्या औषधातही ते वापरले जाई. चार्ल्सला झोपण्यापूर्वी पाणी पिण्याची सवय होती. खोलीतल्या पाण्याच्या सुरईकडे बोट जाते ते यामुळे. पण ती वेळीच ताब्यात घेऊन तपासली गेली नाही, आणि सगळे प्रकरण इथेच निसटले असे म्हणावे लागते.

संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर ज्युरीसह करी (मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते). पहिली चौकशी खुद्द प्रायरीतच झाली आणि निर्णय मोघम आला. वृत्तपत्रांनी रान उठवले, ती रद्द झाली आणि ११ जुलैपासून बॅलमच्या बेडफर्ड हॉटेलात दुसरी सुरू झाली. प्रेत उकरून काढून शवपेटीच्या काचेतून ज्युरीला दाखवण्यात आले. नामांकित वकिलांनी पुढचे काही आठवडे विषापेक्षा फ्लॉरेन्सच्या शयनगृहाचीच अधिक झडती घेतली. किसिंगेनवरच्या प्रश्नांनी कोंडी झाल्यावर तिने उत्तर नाकारून कॉरोनर व ज्युरीकडे संरक्षण मागितले. कॉक्सबाईंनी साक्ष बदलली : “मी विष घेतलंय, फ्लॉरेन्सला सांगू नका,” असे चार्ल्स म्हणाल्याचे त्या आधी सांगत, आता त्यात गलींचे नाव आले. ११ ऑगस्टचा निर्णय असा : आत्महत्या नाही, अपघात नाही, हेतुपुरस्सर खून, परंतु गुन्हा कोणावर ठेवण्याइतका पुरावा नाही.

फ्लॉरेन्स १८७८ मध्ये साउथसी येथे मद्यपानाने खंगून वारली. गलींची वैद्यकीय प्रतिष्ठा धुळीला मिळाली.

संशयितांची यादी तेव्हापासून फिरत आहे. चार्ल्सने कामावरून काढलेला गाडीवान ग्रिफिथ्स याने तो काही महिन्यांत मरेल असे पिठ्यात बडबडल्याचे आणि घोड्यांसाठी टार्टर एमेटिक आणल्याचे चौकशीत निघाले. पण त्या रात्री तो घरात नव्हता. गलींनाही तीच अडचण. चार्ल्स पत्नीलाच थोडेथोडे विष देत होता आणि चुकून स्वतः प्याला, हा तर्क कल्पक असला तरी त्याला आधार तोकडा आहे. कॉक्सबाईंना नोकरी जाण्याची भीती होती, पण जमैकात त्यांना वारसाहक्काने मालमत्ता मिळण्याची आशाही होती. लागोपाठच्या गर्भपातांनंतर नवऱ्याला शय्येपासून दूर ठेवण्यासाठी फ्लॉरेन्सने त्याला आजारी पाडायचे ठरवले आणि मात्रा जास्त झाली, ही उपपत्ती घरातल्या परिस्थितीशी सर्वांत जास्त जुळते. सिद्ध मात्र तीही होत नाही.