‘ट्यूनिंग’चा स्क्रू आता शोधू नका
म्हापशापासून काणकोणपर्यंत एक सल्ला अजून फिरतो: अ‍ॅव्हरेज पडलं की बॉनेट उघडा, स्क्रू थोडा फिरवा, मेस्त्रीला कशाला पैसे? कार्ब्युरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुना भाग) मारुती ८०० ला तो लागू होता. आयडलिंगचा (गाडी उभी असताना इंजिन चालण्याचा) एक स्क्रू, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा दुसरा, आणि चांगला कान.

इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत हे काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करतो. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर सतत खबर देतो आणि पेट्रोल कमी-जास्त होतं. प्रमाण साधायचं असतं ते वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवेचं. थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो. तो फिरवलात तर आयडलिंग बिघडेल, अ‍ॅव्हरेज वाढणार नाही.

मग घरी काय? एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि बॅटरीचे टर्मिनल. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी टर्मिनल जरूर पाहावेत, खाऱ्या दमट हवेत गंज लवकर चढतो. जमत असेल तर स्पार्क प्लगही. त्याच्या टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, मात्र मॅन्युअलप्रमाणेच.

चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनरवाला मेस्त्री गाठा. पण स्कॅनरने दाखवलेल्या दोषाच्या कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं म्हणून लगेच नवा सेन्सर बसवू देऊ नका. कधी कधी दोष नुसत्या गंजलेल्या कनेक्टरचा निघतो.