किडनीतला तुंबारा आणि तो मोकळा करण्याची दीडशे वर्षं

भाचीची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी वाशीत झाली. बाळाच्या डाव्या किडनीसमोर मिलिमीटरचा एक आकडा होता आणि पुढे ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असा लांबलचक शब्द. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, ‘किडनीला थोडी सूज आहे.’ संध्याकाळपर्यंत ही सूज ऐरोलीपासून कोपरीपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचली. कोणी जवाचं पाणी सुचवलं, कोणी गोखरूचा काढा. कोपरीची आत्या मात्र काहीच बोलली नाही. तिनं नुसता आपल्या उजव्या कुशीवर हात ठेवला. तिथे बरगडीखालून बेंबीच्या दिशेनं गेलेला वीतभर व्रण आहे. १९७१ साली तिची उजवी किडनी काढली. ‘फुगून पाण्याची पिशवी झाली होती,’ एवढंच तिला सांगितलं गेलं होतं.

आत्याचा तो व्रण आणि भाचीचा हा रिपोर्ट यांच्यामध्ये काय काय घडलं, ते शोधायला मी बसलो. पहिली अडचण ‘सूज’ या शब्दाचीच होती. पाय मुरगळला की सूज येते, ती लेपानं नाहीतर गोळीनं उतरते. किडनीचं तसं नसतं. किडनीत तयार झालेली लघवी आधी आतल्या नरसाळ्यासारख्या भागात जमते. तिथून ती मूत्रवाहिनीत उतरते. मोठ्या माणसात ही नळी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते. लघवी तिच्यातून नुसती ओघळत नाही, नळीचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून तिला मूत्राशयाकडे ढकलतात. वाटेत अडथळा आला की मागचं सगळं फुगत जातं. पावसाळ्यात नाल्याच्या तोंडाशी कचरा अडकला की पाणी मागे गल्लीत चढतं, त्याला आपण तुंबणं म्हणतो. किडनीचंही तेच होतं. लघवी तुंबते, दाब वाढतो आणि किडनीचा काम करणारा थर हळूहळू पातळ होतो.

अडथळा खडा असू शकतो, वाढलेलं प्रोस्टेट असू शकतं, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असू शकतो. पण बाळांमध्ये बहुतेक वेळा तो नरसाळं आणि नळी जुळतात तिथेच असतो. आपले डॉक्टर त्याला ‘पीयूजे’ म्हणतात. तिथल्या छोट्याशा तुकड्यातले स्नायू नीट घडलेले नसतात, त्यामुळे लाट तिथे येऊन थांबते. कधीकधी एखादी जास्तीची रक्तवाहिनी नळीला आडवी येते. मुलींपेक्षा मुलांत आणि उजवीपेक्षा डाव्या बाजूला हे जास्त आढळतं.

‘हायड्रोनेफ्रोसिस’ हे नाव पॅरिसच्या पिएर रायेर यांनी १८४१च्या सुमारास रूढ केलं. ग्रीक शब्दांचा अर्थ सरळ आहे: पाणी आणि मूत्रपिंड. सूज त्यात कुठेच नाही. नाव मिळालं तरी उपाय मात्र नव्हता. जिवंत माणसाच्या किडनीला हात लावायलाच सर्जन घाबरत, कारण एक किडनी काढली तर माणूस जगेल का, हेच ठाऊक नव्हतं. हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमॉन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी एका स्त्रीची एक किडनी ठरवून काढली. तिचा आजार तुंबाऱ्याचा नव्हता. आधीच्या ऑपरेशनात मूत्रवाहिनीला इजा होऊन लघवी सतत गळत होती. ती बाई बरी होऊन घरी गेली. त्या दिवसापासून किडनी काढून टाकणं शक्य झालं, आणि पुढची कितीतरी दशकं फुगलेल्या किडनीवर तोच मुख्य इलाज राहिला.

मधल्या काळातली एक चुकलेली वाटही सांगायला हवी. क्राकोचे युझेफ डिट्ल यांनी १८६४ साली कुशीत अचानक उठणाऱ्या, मळमळ आणि उलट्या आणणाऱ्या कळांचं वर्णन केलं. किडनी जागेवरून सरकते आणि अडकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून ‘सरकती किडनी’ पाठीच्या स्नायूंना टाके घालून बांधण्याचं ऑपरेशन आलं. बर्लिनच्या ऑयगेन हान यांनी ते १८८१ साली केलं. मग कंबरदुखीपासून थकव्यापर्यंत कशासाठीही किडन्या बांधल्या गेल्या आणि पुढे ती लाट ओसरली. डिट्ल यांनी वर्णिलेली कळ मात्र खरी होती. अर्धवट अडथळा असलेल्या किडनीत एकदम भरपूर पाणी आलं की तुंबारा वाढतो आणि अशी कळ उठते. ‘भरपूर पाणी पी’ हा आपल्याकडचा सल्ला खड्याच्या रोग्याला उपयोगी पडतो, पीयूजेच्या रोग्याला मात्र त्यानेच गडाबडा लोळवलेलं मी पाहिलं आहे.

किडनी ठेवून वाट मोकळी करण्याचा पहिला प्रयत्न फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८८६ साली केला. रोगी ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीत दगावला. पाच वर्षांनी, १८९१ मध्ये, एर्न्स्ट क्युस्टर यांच्यासमोर १३ वर्षांचा एक मुलगा आला. त्याला एकच किडनी होती आणि तीच तुंबलेली. म्हणजे काढून टाकण्याची सोयच नव्हती. क्युस्टर यांनी मूत्रवाहिनी अरुंद जागेपाशी कापली आणि तिचं तोंड उघडून पुन्हा किडनीच्या नरसाळ्याला शिवलं. मुलगा वाचला. या साऱ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसरी किडनी शाबूत असती, तर कदाचित त्या मुलाचीही सरळ काढली गेली असती.

तरीही कापून पुन्हा जोडण्याची ही रीत लगेच रुजली नाही. जोडाच्या जागी वण आकसला तर नळी पुन्हा बंद होईल, ही भीती होती. म्हणून नळी सलग ठेवून फक्त अरुंद जागा रुंद करण्याच्या युक्त्या निघाल्या. १९३७ साली फ्रेडरिक फोली यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखा छेद घेऊन तो व्हीसारखा शिवण्याची पद्धत मांडली. लघवीसाठी घालतात ती फुगेवाली फोलीची नळी, तेच हे फोली.

१९४९ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँडरसन आणि हाइन्स या दोघांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या रोग्याची मूत्रवाहिनी शरीरातल्या मोठ्या शिरेच्या मागून गेलेली होती, ती कापल्याशिवाय पुढे आणताच येत नव्हती. दोघांपैकी हाइन्स प्लास्टिक सर्जन होते, आणि ते या ऑपरेशनात दिसतं. खराब तुकडा पूर्ण काढायचा, नरसाळ्याचा सैल पडलेला भाग छाटायचा, मूत्रवाहिनीचं तोंड उभं चिरून रुंद करायचं, आणि मग जोड तिरका व ऐसपैस शिवायचा, म्हणजे वण आकसला तरी वाट उरते. आज पायलोप्लास्टी म्हटलं की बहुतेक वेळा हीच. यश ९० टक्क्यांहून अधिक मिळतं.

म्हणजे आत्याची किडनी काढली, तेव्हा ही पद्धत प्रसिद्ध होऊन २२ वर्षं झाली होती. मग तिची का नाही वाचली? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. तेव्हा ठाण्याहून अशा ऑपरेशनसाठी लोक लोकलनं शीव, परळ, भायखळा गाठत. कळव्यातलं महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय १९९२चं. आत्याला आदल्या रात्री एरंडेल दिलं होतं, सकाळी शिरेत औषध टोचून ठरावीक वेळानं एक्स-रे काढले होते, हे तिला अजून आठवतं. ही आयव्हीपी. मोझेस स्विक यांच्या कामातून १९२९ साली आलेली तपासणी. औषध किडनीतून उतरतं आणि आतली रचना फिल्मवर उमटते. आत्याच्या उजव्या बाजूला काहीच उमटलं नाही. ‘किडनी काम करत नाही’ असं ठरलं, आणि जे काम करत नाही ते काढायचं.

फिल्म कोरी आली म्हणजे किडनी मेलीच असं नसतं, हे पुढे नीट कळलं. दाबाखाली दबलेली किडनी औषध उतरवू शकत नाही, पण तुंबारा मोकळा केला तर कधीकधी पुन्हा कामाला लागते. पाठीतून सुई घालून किडनीत नळी बसवण्याची रीत विलार्ड गुडविन यांनी १९५५ साली मांडली होती, पण ती सर्रास वापरात आली ती सोनोग्राफीमुळे, आत्याच्या ऑपरेशननंतर. आत्याची किडनी वाचली असती असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं कळा अंगावर काढून मगच ती दवाखान्यात गेली होती. त्या वेळच्या डॉक्टरांनी हाताशी होतं त्यावरून निर्णय घेतला.

किडनी किती जिवंत आहे हे मोजण्याची सोय रीनल स्कॅननं आली, आणि इथे नवी मुंबईचा धागा अगदी जवळून जुळतो. या स्कॅनमध्ये टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोड्या मात्रेत टोचतात. ६ तासांत त्याची तीव्रता निम्मी होते. ते डीटीपीएसारख्या औषधाला जोडलं की किडनी त्याला गाळून बाहेर टाकते आणि कॅमेरा ते टिपत राहतो. अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेचं वाशीतलं संकुल अशा तपासण्यांसाठी लागणारी औषधं देशभर पुरवतं. १९७८ साली ओ’रायली यांनी या स्कॅनमध्ये लघवी वाढवणारं इंजेक्शन देण्याची रीत घालून दिली. इंजेक्शननंतर अर्धं द्रव्य १० मिनिटांच्या आत उतरलं तर वाट मोकळी. २० मिनिटांहून जास्त लागली तर अडथळ्याचा संशय बळावतो. मधल्या मिनिटांत डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. त्याच वर्षी रॉय फिनी यांची दोन्ही टोकांना वळलेली नळी आली; मूत्रवाहिनीत आतून बसवली की ती वाट उघडी ठेवते. तीच आपल्याकडची ‘डीजे’.

गर्भातच तुंबारा दिसू लागल्यावर नवा पेच उभा राहिला. १०० गरोदरपणांत १ ते ५ बाळांमध्ये काही ना काही फुगवटा दिसतो. सुरुवातीला अशा बाळांवर लवकर ऑपरेशन करण्याकडे कल होता. मग १९९०च्या आसपास लंडनच्या रॅन्सली आणि अमेरिकेतल्या कॉफ यांच्यासारख्यांनी थांबून पाहण्याची बाजू मांडली, आणि सौम्य फुगवटे बहुतेक आपोआप ओसरतात हे दिसून आलं. दोन्ही किडन्यांच्या एकूण कामातला त्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांखाली असेल, एका स्कॅनपासून दुसऱ्यापर्यंत १० टक्क्यांहून जास्त घसरली, किंवा ताप, कळा सुरू झाल्या, तरच सर्वसाधारणपणे चाकू हाती घेतात. पालकांसाठी हे थांबणं सर्वांत कठीण. भाचीनं दर तपासणीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही.

दुर्बिणीतून पायलोप्लास्टी १९९३ साली अमेरिकेत सुरू झाली, रोबोटच्या मदतीनं २००० नंतर. शिवण अँडरसन आणि हाइन्स यांचीच, फक्त छेद लहान झाले. तान्ह्या बाळात उघडं ऑपरेशनही छोट्या छेदातून होतं, त्यामुळे दुर्बीण नाही म्हणून कोणी निराश होण्याचं कारण नाही. खर्चाचं म्हणाल तर २०१२ साली राजीव गांधी नावानं काही जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत पायलोप्लास्टी बसते. दवाखान्यात पाऊल टाकताच आरोग्यमित्राला गाठून विचारावं.

भाचीच्या मुलाच्या डाव्या किडनीचा वाटा पहिल्या स्कॅनमध्ये ४३ टक्के होता, सहाव्या महिन्यात ३१. मग थांबायचं नव्हतं. ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांनी डीजे निघाला. आत्या कोपरीहून बघायला आली. बाळाला मांडीवर घेऊन तिनं झबलं वर केलं, दोन बोटं रुंदीची ती रेघ पाहिली आणि भाचीला विचारलं, ‘किडनी आतच आहे ना गं?’ आहे म्हटल्यावर तिनं झबलं नीट खाली ओढलं. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी आहे.