ड्रोनचा डोळा: हलका आणि परवडणारा एफपीव्ही कॅमेरा कसा निवडावा

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या शेतात, बांधावरच्या दोन बाभळींमधल्या फटीतून मी माझा छोटा ड्रोन नेत होतो. मी स्वतः शेताच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो, डोळ्यांवर आत छोटा पडदा असलेला गॉगल होता, आणि ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहत होता तेच मला दिसत होते. ड्रोनने वळण घेतले, मावळता सूर्य थेट समोर आला आणि चित्र क्षणात पांढरेफटक झाले. बाभळी, बांध, फट यांतले काहीच उरले नाही. चित्र परत आले तेव्हा ड्रोन बुंध्याशी पडलेला होता आणि गॉगलमध्ये फक्त गवताच्या काड्या दिसत होत्या. मोटारी शाबूत होत्या, बॅटरी भरलेली होती. कमी पडला होता तो कॅमेरा. तो विकत घेताना मी खोक्यावर छापलेल्या एका मोठ्या आकड्यावर भरवसा ठेवला होता, आणि नेमका तोच आकडा सर्वांत कमी कामाचा होता.

अशा उड्डाणाला ‘फर्स्ट पर्सन व्ह्यू’ किंवा सरसकट एफपीव्ही म्हणतात. लग्नसमारंभात किंवा गडकिल्ल्यांवर चित्रीकरण करणाऱ्या ड्रोनचा कॅमेरा दुसऱ्यांना दाखवण्यासाठी असतो; एफपीव्हीचा कॅमेरा उडवणाऱ्याला पाहण्यासाठी असतो. त्याचे चित्र सुंदर नसले तरी चालते, पण ते उशिरा येऊन चालत नाही आणि सूर्यासमोर आंधळे होऊन तर मुळीच चालत नाही. स्वस्त आणि हलका कॅमेरा निवडताना हा फरक मनात पक्का असला, तर बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

कमी खर्चात सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा अॅनालॉग कॅमेरा येतो. तो जे चित्र पाठवतो ते आपल्या ओळखीचे आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले तेव्हा भारताने पाल ही पद्धत स्वीकारली होती. एका चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे सेकंदाला ५० वेळा रंगवलेले, ही तिची मांडणी आहे. एफपीव्हीचा अॅनालॉग कॅमेरा आजही हाच संकेत तयार करतो. व्हिडिओ ट्रान्समीटर तो ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चढवतो आणि गॉगल तो उतरवून पडद्यावर रंगवतो. वाटेत डिजिटलसारखे चित्राची घडी घालून, म्हणजे ते दाबून लहान करून, पुन्हा उलगडण्याचे काम नसल्यामुळे ही सामग्री हलकी राहते, स्वस्त राहते, आणि अंतर वाढले की चित्र एकदम गोठत नाही. त्यात आधी मुंग्या येतात, मग रंग जातात, आणि परत फिरण्यासाठी पुरेशी सूचना मिळते.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. बोटाच्या पेराएवढ्या कॅमेऱ्यावरही ‘१२०० टीव्हीएल’ असे छापलेले असते. टीव्हीएल म्हणजे चित्राच्या उंचीइतक्या रुंदीत एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येतील अशा उभ्या काळ्या-पांढऱ्या रेषांची संख्या. पालमध्ये एक आडवी रेषा रंगवायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात १२०० टीव्हीएलचा बारकावा पोचवायचा असेल तर चित्रसंकेताला सुमारे १५ मेगाहर्ट्झची रुंदी लागेल, आणि दूरदर्शनने वापरलेल्या पाल प्रक्षेपणात ती अवघी ५ मेगाहर्ट्झ होती, म्हणजे जेमतेम चारशे रेषांची. एफपीव्हीची सामग्री याहून काहीशी उदार असते, पण १२०० रेषा तिच्यातूनही जात नाहीत. दोन इंचांच्या नळातून चार इंचांच्या नळाचे पाणी मागण्यासारखेच ते आहे. म्हणून ८०० आणि १२०० टीव्हीएलच्या दोन कॅमेऱ्यांत केवळ या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

जास्त पैसे मोजावेत ते प्रकाश सांभाळण्याच्या ताकदीसाठी. त्यासाठी कॅमेऱ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा सेन्सर समजून घ्यावा लागतो. जुन्या एफपीव्ही कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर असे. विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सीसीडीची कल्पना मांडली आणि २००९ साली त्यांना तिच्यासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या कॅमेऱ्यांत सर्व बिंदूंवरचा प्रकाश एकाच क्षणी टिपला जात असल्यामुळे थरथरत्या ड्रोनवरही चित्र सरळ राही. मात्र सीसीडी वीज जास्त खातो आणि महागही पडतो. आज स्वस्त कॅमेऱ्यांत सर्रास सीमॉस सेन्सर असतो, आणि तो चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. मोटार मिनिटाला २४,००० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ४०० होतात; एक चित्र वाचायला सेकंदाचा साठावा भाग लागत असेल, तर तेवढ्यात पात्याची थरथर सहा-सात वेळा येऊन जाते आणि खांबासारखी सरळ वस्तू जेलीसारखी लाटालाटांची दिसू लागते. हा दोष पुष्कळदा कॅमेऱ्याचा नसतोच. वाकलेले पाते बदलले की तो नाहीसा होतो, म्हणून नवा कॅमेरा मागवण्याआधी पाती तपासावीत.

सेन्सरचा आकार इंचाच्या अपूर्णांकात सांगतात, आणि ते माप फसवे आहे. टीव्हीच्या आरंभकाळात कॅमेऱ्यात काचेची नळी असे आणि तिच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगत. तीच रीत पुढे चालू राहिली. एक-तृतीयांश इंची म्हणवणाऱ्या सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात सुमारे ६ मिलिमीटर असतो आणि अर्ध्या इंचीचा ८ मिलिमीटर. तरीही दोघांची तुलना करायला हे माप उपयोगी पडते. पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मिलिमीटर भरते, दुसऱ्याचे जवळजवळ ३१. सारख्या लेन्सच्या मागे मोठा सेन्सर पावणेदोन पटीहून थोडा जास्तच प्रकाश गोळा करतो, आणि सूर्य डोंगराला टेकल्यावर हा फरक डोळ्यांना लख्ख जाणवतो. अंधार वाढला की लहान सेन्सरला चित्र उजळवण्यासाठी प्रत्येक बिंदूवर जास्त वेळ प्रकाश घ्यावा लागतो. समजा तो वेळ २० मिलिसेकंद झाला आणि ड्रोन सेकंदात एक पूर्ण गिरकी घेईल इतक्या वेगाने वळत आहे. तर तेवढ्यात दृश्य सात अंशांहून अधिक सरकते आणि सगळ्या कडा फरफटलेल्या दिसतात. दिव्याखाली फोटो काढताना हात हलला की जे होते, तेच येथे प्रत्येक चित्रात होते.

सूर्य समोर आला की प्रश्न उलटा होतो. एकाच चित्रात झळाळते आकाश आणि सावलीतला बुंधा हे दोन्ही टिकवण्याच्या क्षमतेला डब्ल्यूडीआर म्हणतात. चांगल्या कॅमेऱ्यात एकाच दृश्याच्या कमी आणि जास्त प्रकाशाच्या नोंदी एकत्र करून हे साधतात. काही स्वस्त कॅमेऱ्यांत मात्र फक्त काळा भाग कृत्रिमपणे उजळवलेला असतो, आणि पत्रकावर नाव तेच राहते. यात कागद कामाचा नाही. ज्याच्याकडे तो कॅमेरा आहे त्याच्याकडून सूर्याकडे तोंड करून उडवलेल्या फेरीचे चित्रण मागून पाहावे. सावलीतून उन्हात येताना चित्र किती लवकर सावरते हेही त्यातच कळते. बाभळीचा प्रसंग घडल्यानंतर मी कोणताही कॅमेरा हे पाहिल्याशिवाय घेतलेला नाही.

लेन्सचे गणित एका तारेवरून समजते. छोट्या कॅमेऱ्यांवर बहुधा १.८ किंवा २.१ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स असते. आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद आणि समोरची वस्तू तितकी लहान. समजा गॉगलमध्ये आडव्या दिशेने १२० अंशांचे दृश्य ७२० बिंदूंवर पसरले आहे, म्हणजे अंशाला सहा बिंदू मिळाले. शेताच्या कडेने जाणारी एक सेंटिमीटर जाडीची विजेची तार दहा मीटर अंतरावरून पाहिली तर ती एका बिंदूचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापते, म्हणजे ती चित्रात नसल्यातच जमा आहे. तिला पुरा एक बिंदू मिळतो तो अंतर साडेतीन मीटरांच्या आत आल्यावर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा ड्रोन हे अंतर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात कापतो, आणि तेवढ्यात माणसाला दिसून, उमजून, बोट हलवणे कठीण आहे. तारांपासून वाचण्याचा उपाय महाग कॅमेरा हा नाही. जागा आधी पायी फिरून पाहणे आणि शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवणारा सोबती असणे, हाच उपाय आहे. लेन्स निवडताना मात्र एवढे ठरवता येते: घरात, झाडीत, अरुंद जागेत कडेचे दिसणे महत्त्वाचे म्हणून १.८ बरी, आणि मोकळ्या रानात वेगाने जायचे असेल तर २.१ किंवा त्याहून थोडी मोठी बरी. इतक्या आखूड लेन्समध्ये हातभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळे एकदमच स्पष्ट राहते, त्यामुळे फोकसची यंत्रणा लागत नाही. आपटल्यावर लेन्सचा आटा फिरला आणि चित्र धूसर झाले, तर दूरच्या झाडावर रोखून ती हाताने फिरवून बसवता येते.

पाल की एनटीएससी ही अमेरिकेतली जुनी टीव्ही पद्धत, हे कॅमेऱ्याच्या मेनूतच बदलता येते. एनटीएससीत सेकंदाला ३० चित्रे मिळतात, पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली तिचे चित्र लुकलुकते. घरात उडवायचे असेल तर पाल ठेवावे.

वजनाचा विचार ड्रोनपासून सुरू करावा, कॅमेऱ्यापासून नव्हे. मायक्रो म्हणवणारा कॅमेरा १९ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे रुपयाच्या नव्या नाण्याहून किंचित अरुंद. नॅनो १४ मिलिमीटरचा असतो, आणि त्यातले काही दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या नाण्याहूनही हलके असतात. पाच इंची पात्यांच्या ड्रोनला चार ग्रॅम कमी-जास्त झालेले कळतही नाहीत. पण हॉलमध्ये उडणारा तळहाताएवढा ‘वूप’ बॅटरीसकट २६ ग्रॅमचा असेल आणि त्यावर चार ग्रॅम वाढले, तर वजन वाढते पंधरा टक्के, पण हवेत नुसते तरंगत राहण्याची शक्ती वाढते जवळजवळ चोवीस टक्के, कारण ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. शिवाय कॅमेरा नाकावर असतो, त्यामुळे वळताना तो ड्रोनला पुढे ओढतो. वूपवर नॅनोच घ्यावा आणि रात्रीच्या चित्राची आशा सोडावी. तीन इंची किंवा मोठ्या ड्रोनवर अर्धा इंची सेन्सरचा मायक्रो घ्यावा, चार ग्रॅम खुशाल खर्चावेत. भारताच्या २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो वर्गात येते आणि ते उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. त्या मर्यादेच्या काठावर ड्रोन जुळवणाऱ्याने मात्र एकेक ग्रॅम मोजावा. जुळवण्याचाच प्रसंग अनेकांवर येतो, कारण फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि सुट्या भागांवर ती नाही. जोडताना एक जपावे: बरेच नॅनो कॅमेरे फक्त ५ व्होल्टवर चालतात, आणि पूर्ण भरलेली चार सेलची बॅटरी १६.८ व्होल्ट देते. ती थेट जोडली तर कॅमेरा जागीच जळतो.

राहिला विलंब. ताशी ९० किलोमीटर वेगाने ड्रोन सेकंदाला २५ मीटर जातो. चित्र ४० मिलिसेकंद उशिरा आले तर गॉगलमध्ये जे दिसते ते एक मीटर मागचे असते. शर्यतीची कमान दीड मीटरच्या आसपास रुंद असताना हा मीटर फार मोठा आहे. डिजिटल सामग्री बारकाव्यात अॅनालॉगच्या कितीतरी पुढे आहे, पण ती अनेक पटींनी महाग पडते, बहुधा जड असते, आणि चित्राची घडी घालण्या-उलगडण्यात तिचा वेळ जातो.

विलंब घरीच मोजता येतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर एक छोटा एलईडी ठेवावा, शेजारीच गॉगल पालथा करून त्याचा पडदा दिसेल असा टेकवावा, आणि दोन्ही एकाच चौकटीत येतील असा मोबाइल सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनवर लावावा. एलईडी पेटवावा आणि नंतर चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत पाहावे. एलईडी पेटल्यापासून पडद्यावरचा त्याचा ठिपका पेटेपर्यंत जितक्या चौकटी गेल्या, त्यांना चार पूर्णांक दोनने गुणले की मिलिसेकंद मिळतात. आठ चौकटी म्हणजे सुमारे ३४. हीच मोजणी दिवा मंद करून पुन्हा केली, तर संध्याकाळच्या उजेडात तोच कॅमेरा आणखी किती मागे पडतो हेही कळते.