आंतरतारकीय द्रव्य

ताऱ्यांच्या दरम्यान विखुरलेला वायू, धूळ आणि त्यांत गुंतलेली चुंबकीय क्षेत्रे. वस्तुमानाने सुमारे ९९ टक्के वायू (मुख्यतः हायड्रोजन, मग हीलियम), उरलेली धूळ. आकाशगंगेच्या तबकडीत सरासरी घनता घन सेंटीमीटरला साधारण एक अणू. पण या सरासरीवर विसंबण्यात अर्थ नाही. रेण्वीय मेघांत (रेणूरूप वायूच्या थंड, दाट ढगांत) तापमान १०-२० केल्व्हिन आणि घनता शेकडो ते लाखो रेणू, तर सुपरनोव्हांनी (ताऱ्यांच्या स्फोटांनी) तापवलेल्या पोकळ्यांत दहा लाख केल्व्हिन आणि एका अणूचीही मारामार.

मृग नक्षत्रातल्या बाणाचा पश्चिमेकडचा तारा, मिंटाका, हिवाळ्यात मुंबईच्या उजळ आकाशातही गच्चीवरून दिसतो. या जोडताऱ्यातले तारे एकमेकांभोवती फिरतात, म्हणून त्याच्या वर्णरेषा (प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा) मागेपुढे सरकतात. १९०४ मध्ये योहानेस हार्टमान यांना कॅल्शियमची रेषा मात्र या हालचालीत सामील नसल्याचे दिसले. तो कॅल्शियम ताऱ्याचा नव्हे, वाटेतल्या वायूचा होता. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे दूरचे तारे मंद आणि तांबूस दिसतात; हे १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दाखवले.

चुंबकीय क्षेत्र काही मायक्रोगॉसचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्याशा क्षेत्राला विचारतो कोण, असे वाटेल. पण वायू इतका विरळ की या क्षेत्राचा दाब त्याच्या दाबाच्या तोडीचा ठरतो. विद्युतभारित कण बलरेषांभोवती गिरक्या घेत त्यांना बांधलेले राहतात आणि टकरींमुळे उदासीन अणूंनाही सोबत ओढतात. मेघ आकसला की बलरेषाही दाटतात आणि आकुंचनाला विरोध करतात. मेघाच्या अतिदाट गाभ्यात आयन (विद्युतभारित अणू-रेणू) फारच कमी उरतात. तिथे उदासीन वायू बलरेषांमधून हळूहळू निसटतो. धुळीचे लांबट कण क्षेत्राला आडवे राहून फिरतात, म्हणून पलीकडच्या ताऱ्याचा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरींची कंपने एका ठरावीक दिशेत जास्त होतात. हे ध्रुवण १९४९ मध्ये आढळले. त्यावरून क्षेत्राची तीव्रता काढण्याची रीत चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ मध्ये दिली.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने या विषयात दोन वाटांनी काम केले. धूळ अवरक्त प्रारणात उजळते, पण ते प्रारण हवेतली वाफ गिळते. म्हणून १ मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून बलूनने वर पाठवून ताऱ्यांची जन्मस्थाने न्याहाळली गेली. दुसरी वाट रेडिओची: नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हायड्रोजनची २१ सेंटीमीटर तरंगलांबीची रेषा टिपतात.