थायमसचे सिंथेटिक पेप्टाइड आणि रोगप्रतिकारक पेशी

थायमस म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर असलेली छोटी ग्रंथी. मराठीत हिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे, वयात आल्यावर ती आटत जाते आणि तिथे चरबी भरते. हिचं काम काय हे १९६१ पर्यंत कुणाला धड माहीत नव्हतं, जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून बघितली तेव्हा कळलं की ती नसली तर लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी पडतात आणि इन्फेक्शनशी लढताच येत नाही. त्यातल्याच टी पेशी इथे घडतात, खरं तर निवडल्या जातात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या घडाचं थिनिंग करतात, जास्तीचे मणी काढून मोजके ठेवतात, तसंच, फक्त थायमस फार कडक, ९० टक्क्यांहून जास्त पेशी तिथेच मरतात.

या ग्रंथीतून निघणारे काही पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आता लॅबमध्ये अमिनो आम्लं एकेक जोडून बनवतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो थायमोसिन अल्फा-१ चा. अ‍ॅलन गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी वासराच्या थायमसमधून तो वेगळा केला, २८ अमिनो आम्लांचा क्रम १९७७ मध्ये छापून आला. औषध म्हणून याचं नाव थायमाल्फासिन, नेहमीचा डोस १.६ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा कातडीखाली.

आता मुख्य गोष्ट, पेशींचं काय होतं. लोक याला सरसकट 'इम्युनिटी बूस्टर' म्हणतात आणि तिथेच गल्लत होते. हा पेप्टाइड डेंड्रिटिक पेशींमधल्या (जंतूची ओळख टी पेशींना करून देणाऱ्या पेशी) टीएलआर-२ आणि टीएलआर-९ या रिसेप्टरमार्फत (सिग्नल पकडणारी प्रोटीनं) सिग्नल देतो, त्या पेशी पक्व होतात, आयएल-१२ हा निरोप पोचवणारा रेणू सोडतात, मग टी पेशी टीएच-१ बाजूला झुकतात म्हणजे व्हायरस आणि बुरशीशी लढायच्या तयारीत येतात, बाधित पेशी मारणाऱ्या एनके पेशींची मारक ताकदही वाढते. पण त्याच डेंड्रिटिक पेशींमध्ये आयडीओ नावाचं एन्झाइमही चालू होतं आणि त्यातून रेग्युलेटरी टी पेशी वाढतात, त्यांचं काम ब्रेक लावायचं. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही, म्हणून 'बूस्टर' हा शब्द मला चुकीचाच वाटतो.

थायमसच्या नावाचे आणखीही पेप्टाइड आहेत. थायमोपेन्टिन फक्त पाच अमिनो आम्लांचा, थायमोपोएटिन या थायमसच्या प्रोटीनचा छोटा तुकडा, रक्तात मिनिटाच्या आतच निम्म्याहून कमी उरतो. थायमुलिन नऊचा, झिंक चिकटल्याशिवाय काम करत नाही. थायमोसिन बीटा-४ मात्र नावापुरता भाऊ आहे, ४३ अमिनो आम्लांचा, पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या अ‍ॅक्टिनला धरून ठेवतो, खेळाडूंना त्यावर बंदी आहे. जिममधली पोरं 'थायमोसिन' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांच्या डोक्यात हाच असतो, त्यामुळे कुठला ते आधी विचारावं.

नाशिकमध्ये हा विषय दोन ठिकाणी भेटतो. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तिथल्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्यांना थायमस पहिल्या वर्षीच अ‍ॅनाटॉमीत लागते. दुसरं गोळे कॉलनी, औषधांची होलसेल बाजारपेठ. थायमाल्फासिनचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात दुकानापासून घरापर्यंत आइसपॅक नसेल तर अवघड आहे. किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये, त्यांची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते.

पेशी सुधारल्या म्हणजे पेशंट सुधारला असं होत नाही, हे सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागणं) दिसलं. थायमोसिन अल्फा-१ च्या चीनमधल्या २०१३ च्या ३६१ पेशंटच्या ट्रायलमध्ये मृत्यू कमी होताना दिसले होते, औषध घेणाऱ्यांत २६ आणि न घेणाऱ्यांत ३५ टक्के, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक थोडक्यात उतरला नाही. मग १,१०६ पेशंटची मोठी ट्रायल झाली, निकाल २०२५ मध्ये आला, २८ दिवसांतले मृत्यू २३.४ विरुद्ध २४.१ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. त्यातच ६० च्या आतले आणि ६० च्या पुढचे वेगळे काढले तर परिणाम उलट दिशांना जाताना दिसला, वयस्करांकडे थोडा फायद्याचा कल आणि तरुणांकडे तोट्याचा, आणि थायमस आटलेली असते ती वयस्करांचीच.