केगल करा, पण आधी सोडायला शिका

तुळशीबागेत खरेदीला जायचं ठरलं की पुण्यातल्या कितीतरी बायका सकाळपासून पाणी बेतानं पितात. वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, हे एक कारण. दुसरं कारण सहसा बोललं जात नाही. बाळंतपणानंतर शिंक आली, हसू फुटलं किंवा स्कूटर स्पीडब्रेकरवरून धाडकन गेली की थोडी लघवी होते. मैत्रिणीला सांगावं तर ती म्हणते, "अगं, मलाही होतं. दोन मुलं झाल्यावर एवढं चालायचंच."

खूप जणींना होतं हे खरंच आहे. देशोदेशीच्या अभ्यासांचे आढावे सांगतात की प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तीनपैकी एकीला हा त्रास असतो. पण सगळ्यांना होतं म्हणून सोसत बसायचं, हे मला पटत नाही, कारण यातला बराचसा त्रास ऑपरेशनशिवाय कमी होतो. आणि पाणी तोडणं तर उलटंच अंगाशी येतं. लघवी तीव्र होते, मूत्राशय चिडतं, मलावरोध होतो, मग शौचाला जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर नेमका जिथे पडू नये तिथेच पडतो.

ती जागा म्हणजे ओटीपोटाचा तळ. पुढे जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचे थर झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांचा भार ते पेलतात, आणि लघवीचा मार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग त्यांच्यामधूनच बाहेर येतात. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट याला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. या स्नायूंना दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. दिवसभर धरून ठेवायचं, आणि लघवी, शौच किंवा प्रसूतीची वेळ आली की पूर्ण सैल व्हायचं.

गरोदरपणात या तळाची परीक्षाच असते. एरवी सत्तर-एक ग्रॅमची गर्भपिशवी नवव्या महिन्यापर्यंत किलोभराची होते. त्यात बाळ, गर्भजल आणि वार. शिवाय हार्मोन्समुळे सांध्यांचे बंध सैलावतात. म्हणून "माझं सिझर झालं, मला काय होणार" हा समज अर्धाच खरा आहे. सिझरमुळे धोका कमी होतो, संपत नाही. नऊ महिन्यांचा भार तर सिझरवालीनं आणि नॉर्मलवालीनं, दोघींनी सारखाच वाहिलेला असतो. नॉर्मल डिलिव्हरीत काय घडतं याचं गणित मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये कॉम्प्युटरवर मांडलं. बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा सगळ्यात आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. एरवी एवढा ताण बसला तर स्नायू फाटायचाच. बहुतेक जणींचा तो सावरतो, काहींचा मात्र हाडापासून थोडा सुटतो.

यावर सगळीकडून एकच सल्ला मिळतो: "केगल करा." ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे हे व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडले. पण ते बाईला नुसतं सांगून घरी पाठवत नसत. आधी तपासून स्नायू बरोबर हलतोय का ते पाहायचे आणि दाब मोजणारं एक उपकरण द्यायचे, म्हणजे आपला प्रयत्न कितपत जमतोय ते तिला आकड्यात दिसे. पुढे तपासणीही गेली आणि उपकरणही. उरलं ते "लघवी रोखल्यासारखं करा" एवढं एक वाक्य. 1991 च्या एका अमेरिकी अभ्यासात 47 स्त्रियांना फक्त तोंडी सूचना दिल्या. जेमतेम निम्म्या जणींना व्यायाम नीट जमला. चौथा हिस्सा तर असा जोर लावत होता की गळती वाढावी.

पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून पाहिलं तर ही चूक डोळ्यांना दिसते. मूत्राशय भरलेलं असलं की स्क्रीनवर त्याचा काळा आकार दिसतो. बाईला आवळायला सांगितलं की ती श्वास कोंडते, कुल्ले घट्ट करते, आणि काळ्या आकाराची खालची कड वर जायच्या ऐवजी खाली सरकते. तिला वाटतं आपण अगदी बरोबर करतोय. फिजिओ म्हणते, "ताई, श्वास धरू नका. फुंकर घालतो तशी हवा सोडा, आणि गॅस अडवायचाय असं समजून हळूच आत, वर ओढा. मांड्या ढिल्या." मग कधीतरी ती कड काही मिलिमीटर वर उचलली जाते. तेवढंच. केगल म्हणजे एवढीच हालचाल, पण ती एकदा पडद्यावर पाहिली की अंगात बसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे जवळपास कुणीच सांगत नाही. काही जणींचे हे स्नायू ढिले नसतात, उलट कायम आवळलेले असतात. टाक्यांची दुखरी जागा, शरीरसंबंधांच्या वेळी दुखणं, लघवी सुरूच व्हायला वेळ लागणं, पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, माकडहाड ठणकणं, ही लक्षणं तिकडे बोट दाखवतात. अशा बाईनं मोबाईलवर पाहून रोज शंभर केगल केले तर दुखणं वाढू शकतं. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं. श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही किंचित खाली उतरतो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. उशीला टेकून शांतपणे घेतलेले असे दहा श्वास, हा कित्येकींचा पहिला व्यायाम असतो. पुणेकरांना यात नवल वाटू नये. शिवाजीनगरच्या अय्यंगार संस्थेत गीता अय्यंगार यांनी लोड, पट्टे आणि खुर्चीचा आधार घेऊन करायची आसनं गरोदर स्त्रियांना वर्षानुवर्षं शिकवली. तरी योगवर्ग म्हणजे तपासणी नव्हे. आपले स्नायू ढिले आहेत की ताठ, हे वर्गात बसून कळत नाही.

जोर आणि सैलपणा यांच्या जोडीला लागते ती अचूक वेळ. निरोगी शरीरात खोकला येण्याच्या क्षणभर आधीच हा तळ आपोआप आवळला जातो. बाळंतपणानंतर ही वेळ चुकू लागते. 1998 मध्ये एका अभ्यासात 27 वयस्कर स्त्रियांना फक्त एवढंच शिकवलं की खोकण्याआधी आवळा आणि खोकला संपेपर्यंत धरा. आठवड्याभरात मध्यम खोकल्यातली गळती सरासरी 98 टक्क्यांनी घटली. आठवड्यात स्नायू बळकट होत नाही, बदलली ती फक्त वेळ. शिंक येतेय, बाळाला उचलायचंय, सिलिंडर सरकवायचाय, त्या आधी आवळा. बळकटीला मात्र धीर हवा. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. गरोदरपणातच सुरुवात केली तर आणखी चांगलं. ज्यांना आधी त्रास नव्हता आणि ज्यांनी लवकर व्यायाम सुरू केला, त्यांच्यात शेवटच्या महिन्यांतल्या गळतीचा धोका 62 टक्क्यांनी कमी आढळला.

आता घरच्या रिवाजांकडे. सव्वा महिन्याच्या विश्रांतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पहिल्या आठवड्यांत आडवं पडणं म्हणजे तळावरचा भार उतरवणंच. मालिशही छान. पण ताज्या टाक्यांजवळ शेगडीचा शेक नको. आणि "बाळंतिणीला पाणी कमी द्या" हा सल्ला सोडूनच द्यावा. डिंकाचे लाडू खुशाल खा, सोबत भाजी आणि भरपूर पाणी असू द्या. पोट बांधायचंच असेल तर सैलसर बांधा. करकचून आवळलेल्या पट्ट्याचा दाब खालीच जातो, आणि गरोदरपणात ताणल्यानं पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये पडलेली फट त्यानं मिटते याला भक्कम पुरावा नाही. ती फट बरीचशी काळानं भरते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांनी साठ टक्के स्त्रियांना ती होती, वर्षानंतर साधारण एक तृतीयांश जणींना.

गरोदरपणात कंबरेच्या सांध्यांत, जांघेत कळ येते तिचंही मूळ इथेच आसपास असतं. एका पायावर तोल सांभाळताना ती जास्त जाणवते. सलवार बसून घाला, कूस बदलताना गुडघे जुळवून वळा, आणि लिफ्ट नसलेल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर दिवसातून चारदा चढउतार टाळता येत असेल तर टाळा. धावण्याची हौस असेल तर प्रसूतीनंतर निदान तीन महिने थांबा. सिंहगड कुठे पळून जात नाही.

फिजिओकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्यावी: किती पाणी प्यायलं, किती वेळा लघवीला गेलं, कधी गळती झाली. आतून तपासणी होऊ शकते, पण तुमच्या होकाराशिवाय नाही. नको असेल तर तसं सांगा, सोनोग्राफीनं किंवा बाहेरून पाहूनही बरंच कळतं. काही लक्षणं मात्र आधी डॉक्टरला दाखवायची. लघवीतून रक्त जाणं, शौचावर ताबा न राहणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं. लघवी अजिबातच न होणं किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा येणं असेल तर त्याच दिवशी, हॉस्पिटलमध्ये. आणि घरातल्या आजींनाही सोबत न्यायला हरकत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हे त्रास पुन्हा डोकं वर काढतात, पण साठीतले स्नायूही व्यायामाला दाद देतात.