सॉफ्टवेअर प्रकल्पातील संघरचना व कामाचे वेळापत्रक

एखादी संगणक प्रणाली मुदतीत आणि वापरण्याजोग्या स्थितीत तयार व्हावी म्हणून काम कोणाकडे द्यायचे, कसे वाटायचे आणि कोणत्या क्रमाने उरकायचे हे ठरवण्याची पद्धत. पाठ्यपुस्तकांत टीमची बांधणी आणि वेळापत्रक ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. प्रत्यक्ष कामात ती वेगळी राहत नाहीत. एक काम दोन टीमना वाटून दिले की त्यांचे भाग एकमेकांत बसवण्याचे तिसरे काम जन्माला येते, आणि बऱ्याच वेळापत्रकांत त्याला रकानाच नसतो.

वेळापत्रकाची मूळ साधने दुसऱ्या क्षेत्रांतून आली. कामांच्या आडव्या पट्ट्या दाखवणारा गँट तक्ता अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांच्या कारखानदारीतील कामातून १९१० च्या दशकात रूढ झाला. परस्परावलंबी कामांची सर्वांत लांब साखळी शोधणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ कंपनीच्या कामातून पुढे आली; त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी अनिश्चित कामांच्या कालावधीचा अंदाज घेणारी पर्ट पद्धत तयार झाली. सर्वांत लांब साखळीतले काम दोन दिवस लांबले की सगळा प्रकल्प दोन दिवस लांबतो, साखळीबाहेरच्या कामाला मात्र थोडी सवड असते. हे गणित सॉफ्टवेअरलाही लागू पडते. पंचाईत होते ती त्यात घालायच्या आकड्यांची. भिंत बांधायला किती दिवस लागतील हे आधीच्या भिंतींवरून सांगता येते. प्रोग्रॅम आधी लिहिलेला असेल तर त्याची सरळ प्रत काढतात, म्हणून जे लिहायला घेतले जाते ते दर वेळी थोडेफार नवेच असते. प्रकल्पाच्या आरंभी केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा एक चतुर्थांश निघू शकतो, असे अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंता बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये मांडले.

मुदत हुकणार असे दिसले की माणसे वाढवावीत, हा वरिष्ठांना हमखास सुचणारा उपाय. आयबीएमच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये नेमके उलटे सांगितले : रखडलेल्या प्रकल्पात माणसे घातली की तो आणखी रखडतो. नव्या माणसाला कोड समजावून देण्यात जुना जाणकार अडकतो, आधी वाटलेले काम पुन्हा वाटावे लागते आणि आपसांत बोलण्याच्या जोड्या झपाट्याने वाढतात. पाच जणांत अशा १० जोड्या होतात, दहा जणांत ४५, तर वीस जणांत १९०. आपण हा नियम फारच ढोबळ करून मांडत आहोत, असे ब्रूक्स यांनी तिथेच म्हटले होते. नियमाचा दाखला देणारे एवढा भाग बहुधा गाळतात. प्रकल्पाच्या सुरुवातीला, किंवा खरोखर सुटे करता येईल अशा कामावर, माणसे वाढवून उपयोग होतोच.

टीम कशा पाडल्या आहेत याचा ठसा प्रणालीवरही उमटतो. संस्थेतील संवादाची रचना जशी, तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची रचना होते, हे निरीक्षण संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. डेटाबेस, सर्व्हर आणि स्क्रीन अशा थरांनुसार तीन टीम केल्या तर प्रत्येक थरात जाणकारी साचते, पण ग्राहकाने मागितलेली छोटीशी सोयसुद्धा तीन रांगांत उभी राहते. ग्राहकाच्या एकेका सोयीसाठी एक टीम केली, म्हणजे प्रोग्रॅमर, टेस्टर आणि डिझायनर एकत्र बसवले, तर वाट पाहणे घटते. मात्र सामाईक कोडची राखण कोणी करायची हा प्रश्न मग लोंबकळत राहतो. वेळापत्रक घसरू लागल्यावर दुसऱ्या रचनेत निदान कोण कशासाठी थांबले आहे ते लवकर दिसते.

अंदाज घेण्याच्या रीती बऱ्याच आहेत. पर्टमध्ये एका कामाचे तीन आकडे घेतात आणि मधल्याला चौपट वजन देतात : सगळे सुरळीत गेल्यास २ दिवस, बहुधा ४ आणि वाईटात वाईट १२, तर हिशेबाचा आकडा ५ येतो. प्लॅनिंग पोकरमध्ये सगळे आपापल्या अंदाजाचा आकडा असलेले पत्ते एकाच वेळी उलटतात, म्हणजे ज्येष्ठाने आधी आकडा बोलून बाकीच्यांना आपल्या मागे ओढू नये. पद्धत कोणतीही असो, प्रोग्रॅमरने ‘साधारण पाच दिवस’ म्हटलेले मॅनेजरच्या तक्त्यात पोचेपर्यंत वचन होऊन बसते. बरीचशी भांडणे इथूनच सुरू होतात.

आधी सगळ्या गरजा, मग आराखडा, मग कोड आणि शेवटी टेस्टिंग ही धबधबा पद्धत विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाशी जोडली जाते. असा सरळ क्रम धोक्याचा आहे, हे त्याच निबंधात बजावलेले आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून बदल सामावून घेणाऱ्या पद्धतींचा, जाहीरनामा काढला. अजाइल पद्धतींपैकी सर्वाधिक पसरलेल्या स्क्रममध्ये काम जास्तीत जास्त महिन्याभराच्या ठरावीक टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) बांधतात, रोजची बैठक १५ मिनिटांत आटोपतात आणि टीम साधारणपणे दहाच्या वर जाऊ देत नाहीत. इथे मुदत पक्की धरून कामाचा आवाका कमी-जास्त करतात.

कानबान पद्धतीत एका वेळी हातात किती कामे असावीत यावरच मर्यादा घालतात. त्यामागचा हिशेब अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांच्या नावाने ओळखला जातो : हातात सरासरी १२ कामे असतील आणि आठवड्याला ३ संपत असतील, तर एका कामाला सरासरी चार आठवडे लागणार. हातातली कामे सहावर आणली आणि संपण्याचा वेग तोच राहिला, तर दोन. तरीही सगळ्यांना सतत गुंतवून ठेवणारे तक्ते सर्रास आखले जातात. त्यांत जुन्या आवृत्तीतले (रिलीजमधले) दोष म्हणजे बग, दुसऱ्याच्या कोडची तपासणी (रिव्ह्यू) आणि एखाद्याची आजारपणाची रजा यांना जागा नसते, आणि पहिल्याच तातडीच्या बगसाठी नव्या कामावरचा माणूस काढून घ्यावा लागतो.